घरच्या गणिताला पोर्शन कशाला?

मूल शाळेत न जाता घरीच शिकते असे कळले की लोक पहिला प्रश्न गणिताचाच विचारतात. वाचते काय, लिहिते काय, पोहायला येते काय, हे सारे नंतर. कित्येकदा ते विचारलेच जात नाही. आमच्या इन्सुलीत हा प्रश्न 'पाढे खंयपर्यंत इले?' असा येतो. बांद्याच्या बाजारात एखादे गुरुजी भेटले तर 'पोर्शन कुठवर आला?' असा येतो. पुण्यामुंबईकडचे गृहशिक्षणवाले पालक 'सध्या कोणत्या लेव्हलला आहे?' असे विचारतात. शब्द निराळे असले तरी प्रश्न एकच आहे. गणित हा एक रस्ता आहे, त्यावर मैलाचे दगड आहेत, आणि तुमचे मूल कोणत्या दगडाशी उभे आहे ते सांगा, एवढेच या मंडळींना हवे असते.

या प्रश्नाला उत्तर देत बसण्याची चूक मी स्वतः दोन वर्षे केली. प्रस्तुत लेख त्या चुकीविरुद्ध आहे, आणि ती चूक अजूनही आनंदाने करणाऱ्या माझ्यासारख्या पालकांविरुद्ध आहे. शाळेविरुद्ध तो नाही. शाळेला शिव्या देणे हा गृहशिक्षकांचा आवडता फावल्या वेळचा उद्योग आहे आणि त्यात आता काही पुरुषार्थ उरलेला नाही.

प्रथम शाळेची बाजू. पोर्शन ही शाळेची गरज आहे. एक शिक्षक, समोर तीस-चाळीस मुले, जून ते एप्रिल एवढे वर्ष, मध्ये गणपती, दिवाळी आणि निवडणुकीची कामे. कोकणातल्या वाडीवस्तीवरच्या शाळांत तर दोन शिक्षक आणि चार-पाच इयत्ता असा संसार. अशा ठिकाणी अभ्यासक्रमाचे महिन्यांत तुकडे पाडल्यावाचून कामच चालणार नाही. पोर्शन हे व्यवस्थापनाचे साधन आहे. मूल कसे शिकते याविषयीचा तो सिद्धांत नव्हे, आणि कोणत्याही जाणत्या शिक्षकाने तसा दावा कधी केलेला नाही. पुस्तक पुढे जाते म्हणून मूल पुढे जातेच असे नाही, हे शाळांनाही ठाऊक आहे. 'असर'च्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी ३०.७ टक्के मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे जमले. उरलेल्यांचाही पोर्शन पूर्ण झालेलाच होता. भागाकाराचा धडा त्यांच्या वर्गात घेतला गेला, फळ्यावर लिहिला गेला, वह्यांत उतरला आणि पुढचा धडा सुरू झाला.

शाळेपाशी निदान सबब आहे. घरी शिकवणाऱ्यापाशी ती नाही. घरात एक मूल असते, फार तर दोन. घंटा नाही, तपासनीस नाही, सहामाही नाही. गेल्या आठवड्यात न कळलेले या आठवड्यात पुन्हा घेता येते आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. मूल शाळेतून काढून घरी आणण्याचा एखादा निर्विवाद फायदा सांगायचा तर तो हाच. आणि आम्ही पालक काय करतो? मुलाला शाळेतून काढतो आणि पोर्शन मात्र दप्तरात घालून घरी आणतो. स्वयंपाकघराच्या भिंतीवर वेळापत्रक लावतो. जूनमध्ये पहिला धडा, जुलैमध्ये तिसरा, दिवाळीपर्यंत अर्धे पुस्तक. सप्टेंबरात आपण दोन धडे मागे आहोत असे दिसले की घरात सुतकी कळा येते. मागे म्हणजे कोणाच्या मागे? हे कोणी कोणाला विचारत नाही.

याचे कारण भीती आहे, आणि भीती नीट तपासून पाहावी. पहिली भीती अशी, की उद्या मुलाला परत शाळेत घालायची वेळ आली तर काय. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात गृहशिक्षणाचा उल्लेख नाही हे खरे. पण त्याच कायद्याच्या चौथ्या कलमाने, सहा वर्षांवरील जे मूल शाळेत दाखल झालेले नाही किंवा ज्याचे शिक्षण अर्धवट राहिले आहे, त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश आणि बरोबरीने येण्यासाठी विशेष प्रशिक्षण देऊ केले आहे. प्रत्यक्षात प्रत्येक ठिकाणी हे सुखासुखी होते असे मी म्हणत नाही. परंतु चौथीच्या पुस्तकाचा अकरावा धडा राहिला म्हणून मुलाचा जन्म फुकट गेला, असे कायदा तरी मानत नाही. दुसरी भीती दहावीची. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची माध्यमिक परीक्षा चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर देता येते आणि तिथे विषय टप्प्याटप्प्यानेही सोडवता येतात. आठ वर्षांच्या मुलाच्या सोमवारच्या गणिताशी त्या परीक्षेचा संबंध फार दूरचा आहे.

खरी भीती तिसरी, आणि ती मुलाविषयी नसतेच. आपण घेतलेला निर्णय चुकला तर नाही ना, ही ती भीती. सासरमाहेरच्या माणसांनी नाके मुरडली, शेजारी हळहळले, आपण सर्वांना धुडकावून मूल घरी ठेवले. आता आपण बरोबर होतो याचा दाखला हवा, आणि तो मुलाच्या वहीतून मिळवायचा. मराठी वाचनातून दाखला मिळत नाही, कारण वाचन मोजता येत नाही. गणिताचा पृष्ठ क्रमांक मात्र सांगता येतो. 'वय आठ आणि पाचवीचे पुस्तक चालू' हे वाक्य उच्चारताना पालकाच्या चेहऱ्यावर जे तेज येते ते पाहावे. मुलाच्या गणिताचा वेग हे आईबापांच्या निर्णयाचे प्रशस्तिपत्रक होऊन बसते, आणि त्याचे मोल मूल भरते.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझी मुलगी नऊ वर्षांची असताना, म्हणजे शाळेत असती तर चौथीत असती तेव्हा, दिवाळीआधीच तिने पाचवीचे गणिताचे पुस्तक संपवत आणले होते. दशांश अपूर्णांकांचा धडा तिने चार दिवसांत उडवला. सगळी उत्तरे बरोबर. मी हे फोनवर तीन ठिकाणी सांगितले, तेही ती ऐकत असताना. पुढे चैत्रात काजूच्या बिया विकायला काढल्या. दोन पोती होती. वजने वहीत लिहायचे काम तिच्याकडे होते. एक भरले साडेबारा किलो, दुसरे सव्वाबारा. मी सांगितले तसे तिने लिहिले: १२.५ आणि १२.२५. मग सहज म्हणून वहीवर बोट ठेवून विचारले, यातले जड पोते कोणते? तिने क्षणाचाही विचार न करता १२.२५ वर बोट ठेवले. पंचवीस हे पाचापेक्षा मोठे, म्हणून.

हीच मुलगी साडेबारा आणि सव्वाबारा यांत मोठे कोणते हे झोपेतही बरोबर सांगेल. आजीबरोबर बाजारात जाऊन पाव, अर्धा, पाऊण तिच्या कानात मुरलेले होते. पण कानातले सव्वाबारा आणि कागदावरचे १२.२५ यांची ओळख कोणी करून दिली नव्हती. ती करून द्यायला दोन-तीन महिने लागले असते, आणि तेवढे महिने थांबणे माझ्या पोर्शनात बसत नव्हते. चार दिवसांत उडवलेला धडा तिने नव्हे, मी उडवला होता. तिने फक्त कृती ऐकून तशी करून दाखवली. पुढे उलगडा होत गेला तसतसे कळले की भागाकारातही तेच होते, अपूर्णांकांतही तेच. मी तिला मागे नेले. नेताना 'आपण पुन्हा तिसरीचे पुस्तक काढू' असे म्हणाले, हा माझा दुसरा मूर्खपणा. ती रडली नाही. तिने वही तांदळाच्या पिंपामागे लपवून ठेवली आणि आठवडाभर हरवली म्हणून सांगितले. मागे जाणे ही शिक्षा असते हे नऊ वर्षांच्या मुलीला कोणी शिकवले? शाळेने नव्हे, शाळा तिने पाहिलीही नव्हती.

आता मूळ मुद्द्याकडे येते. गणिताच्या धड्यांची लांबी पुस्तकात साधारण सारखी असते: चार पाने, सहा पाने, शेवटी उदाहरणसंग्रह. त्यामुळे प्रत्येक धड्याला सारखाच वेळ लागावा असे वाटते. प्रत्यक्षात गणिताची जमीन आमच्या सावंतवाडी तालुक्यासारखी आहे. मैलभर सपाटी, मग एकदम खिंड. वर्तुळाची त्रिज्या आणि व्यास एका सकाळी कळतात. स्थानिक किंमत कळायला दोन वर्षे लागू शकतात आणि अपूर्णांकांना त्याहून अधिक. वेग हा मुलाचा गुण आहे असे आपण धरून चालतो. अमुक मूल जलद, तमुक संथ. माझ्या मते तो बराचसा विषयाच्या त्या त्या जागेचा गुण आहे. जलद म्हणून मिरवलेले मूल खिंडीत थांबते, आणि संथ म्हणून हिणवलेले मूल सपाटीवर धावते. पोर्शनाला मात्र सपाटी आणि खिंड यांतला फरक दिसत नाही.

याचे मराठीतले उत्तम उदाहरण २०१९ च्या जूनमध्ये सबंध महाराष्ट्राने पाहिले आणि बहुतेकांनी ते हसण्यावारी नेले. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस, बावीस' यांच्या जोडीने 'वीस एक, वीस दोन' असे संख्यावाचन दिले गेले. लगेच मराठी भाषा बुडाल्याची हाकाटी झाली. विधानसभेत तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या आडनावावर कोट्या झाल्या. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांनी शांतपणे सांगून पाहिले, की जुनी पद्धत रद्द केलेली नाही, लहान मुलांना जोडाक्षरी संख्यानामांचा आणि अंकांच्या उलट क्रमाचा जो त्रास होतो तो कमी व्हावा म्हणून दुसरी वाट ठेवली आहे. ऐकून घेण्याची कोणाची तयारी नव्हती. नारळीकर २०२३ मध्ये गेल्या. तो वाद त्याआधीच विस्मरणात गेला होता.

त्या वादात भाषेचा प्रश्न सर्वांना दिसला, वेळेचा कोणालाच दिसला नाही. आपण मोठी माणसे त्रेसष्ट हा शब्द एका घासात गिळतो. मुलाच्या कानावर आधी 'त्रे' येतो, म्हणजे तीन. मग 'सष्ट', म्हणजे साठ. ऐकलेल्या क्रमाने ते आधी तीन लिहिते आणि मग सहा. झाले छत्तीस. मराठी मुलाचे आणि त्रेसष्टाचे असे अक्षरशः छत्तीसचे नाते असते. एकोणसाठ लिहायचे तर त्याहून बिकट. तिथे साठातून एक वजा करावा लागतो, आणि वजाबाकी पुस्तकात पुढे आहे. सत्तरचे 'हत्तर' केव्हा होते याला मुलाला समजेल असा काही नियम नाही. आमच्या शेजारच्या कानडी मुलाला हा व्याप नाही. तो 'इप्पत्तोंदु' म्हणतो, म्हणजे सरळ वीस-एक. याउलट जर्मन मुलाला आपल्यासारखेच आधी एकक ऐकावे लागते. तात्पर्य, शंभरापर्यंतचे अंक नावानिशी ओळखणे हे मराठी मुलाचे खरोखर कष्टाचे काम आहे. त्याला शब्दांचा एक डोंगर चढायचा असतो आणि त्याच वेळी दशक-एककाची कल्पनाही पेलायची असते.

मग घरी काय करावे? जुन्या नावांच्या कैवाऱ्यांनी आणि नव्या वाचनाच्या समर्थकांनी परस्परांचे गळे धरले, पण दोन्ही रीती ठेवून वर्षभर अधिक वेळ द्यावा, ही साधी गोष्ट घरी तरी सहज करता येते. आमच्या घरावरून तपासणी नाक्याकडे जाणारे ट्रक दिसतात. एमएच ०७ म्हणजे आमचा सिंधुदुर्ग, जीए म्हणजे गोवा, केए म्हणजे कर्नाटक. पाटीवरच्या चार आकड्यांचे दोन-दोन करून वाचायचे, आधी 'साठ तीन', मग 'त्रेसष्ट', हा खेळ आम्ही एक सबंध पावसाळा खेळलो. त्या पावसाळ्यात पुस्तकाचे एकही पान उलटले नाही. तिचे जे गणित आज पक्के आहे त्याची पायाभरणी त्या न उलटलेल्या पानांत झाली असे मला आता वाटते. पुढे मीच हे विसरले आणि दशांशांत घाई केली, हा भाग निराळा.

घाईच्या बाजूने बोलणारे हमखास एक नाव घेतात: मालविका जोशी. मुंबईची ही मुलगी सातवीच्या सुमारास शाळेतून बाहेर पडली, घरी शिकली, आंतरराष्ट्रीय इन्फर्मेटिक्स ऑलिम्पियाडमध्ये तिने भारतासाठी दोन रौप्य आणि एक कांस्य पदक मिळवले, आणि बारावीचे प्रमाणपत्र नसताना २०१६ मध्ये तिला अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळाला. ही हकीकत पालकांच्या संमेलनांत पुराणासारखी सांगितली जाते, आणि निष्कर्ष काढला जातो की घरी शिकलेले मूल झपाट्याने पुढे जाते. हकीकत नीट वाचावी. एमआयटीत जाताना ती सतरा वर्षांची होती. म्हणजे शाळेतून गेलेली मुले ज्या वयात जातात त्याच्याच आगेमागे. घरी शिकून तिने वर्षे वाचवली नाहीत; तिला वर्षे मिळाली. इतर मुले सकाळ-संध्याकाळ शाळा आणि क्लास यांत घालवत असताना तिला मनाजोगा विषय खोलवर खणायला मोकळा वेळ मिळाला. या हकीकतीतून घाईचे समर्थन निघत नाही, सवडीचे निघते. आणि असे मूल लाखांत एखादे, हे तर सांगायलाच नको.

याच पंथाची दुसरी शाखा अबॅकसची आणि 'वैदिक गणिता'ची. भारती कृष्ण तीर्थांच्या १९६५ साली प्रकाशित झालेल्या पुस्तकाचा वेदांशी संबंध नाही हे श्रीकृष्ण दाणी यांच्यासारख्या गणितज्ञांनी केव्हाच दाखवून दिले आहे. पण माझा आक्षेप तो नाही. गुणाकार तोंडी आणि चटकन करता येणे ही गोड गोष्ट आहे. मात्र हिशेबाचा वेग आणि समजण्याचा वेग या दोन गोष्टी आहेत, आणि पहिला दाखवता येतो म्हणून दुसरा आपोआप वाढला असे समजण्यात पालकांची फसगत होते. माझ्या मुलीने दशांशांची चाळीस उदाहरणे अर्ध्या तासात सोडवली होती.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींकडे वळते, कारण पोर्शनाविरुद्ध लिहिले की ती लगेच टाळ्या पिटतात. मुलाला काहीच शिकवू नये, त्याला हवे तेव्हा ते आपोआप शिकेल, गणित निसर्गात सर्वत्र आहे, असे त्यांचे म्हणणे. नारळ मोजणे हे गणित, शेणाने सारवणे हे भूमिती. ऐकायला फार सुंदर वाटते. दहा वर्षांच्या मुलाला सात आणि आठ मिळवताना बोटे लागतात, आणि आई कौतुकाने सांगते की आम्ही त्याच्यावर काही लादत नाही. मला हे कौतुक कळत नाही. ज्या घरात दोन पिढ्या पदवीधर आहेत, पैसा आहे आणि अडीअडचणीला खासगी शिकवणी आहे, तिथले मूल पंधराव्या वर्षी सावरेलही. आमच्याकडच्या मुलाला ती मुभा नाही. त्याला उद्या बागेचा मजुरीचा हिशेब, कर्जाचे व्याज आणि जमिनीचे गुंठे समजले नाहीत तर कोणीतरी त्याला फसवील, आणि हसत हसत फसवील. हेळसांडीला स्वातंत्र्याचे नाव दिल्याने ती हेळसांड राहत नाही असे नाही.

ही मंडळी जी दोन नावे पुढे करतात ती त्यांनी नीट वाचलेली नाहीत असा माझा नम्र आरोप आहे. पहिले नाव बेनेझेट. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टर गावच्या शाळांचे हे अधीक्षक. त्यांनी १९२९ पासून आपल्या काही शाळांत औपचारिक अंकगणित सहावीपर्यंत पुढे ढकलले, आणि ती मुले पुढे थोडक्या काळात इतरांच्या बरोबरीला आली असे १९३५-३६ मध्ये लिहून ठेवले. एवढे सर्वजण सांगतात. त्या पाच वर्षांत काय केले ते सांगत नाहीत. तिथे मुले घड्याळ आणि दिनदर्शिका वाचत होती, लांबी-उंचीचे अंदाज करून मग मोजून पाहत होती, नाणी हाताळत होती, आणि मुख्य म्हणजे रोज बोलत होती. पाहिलेले, वाचलेले स्वतःच्या शब्दांत सांगत होती. पुस्तक पुढे ढकलले होते, गणित नव्हे. आणि हे सर्व शिक्षकांच्या देखरेखीखाली, ठरवून चालले होते.

दुसरे नाव जॉन होल्ट. गृहशिक्षणाच्या चळवळीचे हे आद्य पुरुष मानले जातात. पण १९६४ चे त्यांचे 'हाऊ चिल्ड्रन फेल' हे पुस्तक बव्हंशी पाचवीच्या गणिताच्या वर्गातल्या नोंदींचे आहे. मूल उत्तर शोधण्याऐवजी शिक्षकाच्या चेहऱ्यावर उत्तर कसे शोधते, न कळलेले कळल्यासारखे कसे दाखवते, हे त्यांनी महिनोन् महिने शेजारी बसून टिपले. इतक्या बारकाईने मुलाकडे पाहणाऱ्या माणसाचे नाव घेऊन मुलाकडे न पाहण्याचे समर्थन करणे, याला धाडसच लागते.

पोर्शनवाले आणि आपोआपवाले परस्परांचे वैरी असल्यासारखे वागतात, पण त्यांचे एक बाबतीत एकमत आहे. मुलाची चूक दोघेही पाहत नाहीत. पहिल्याला पुढचा धडा गाठायचा असतो म्हणून तो ती खोडून पुढे जातो. दुसरा मुळात उदाहरणच घालत नाही म्हणून त्याला ती दिसत नाही. वस्तुतः केव्हा थांबावे आणि केव्हा पुढे जावे हे सांगणारी घरातली एकमेव विश्वासार्ह वस्तू म्हणजे ती चूक. १२.२५ वर ठेवलेले बोट हे पुस्तकाच्या सबंध अनुक्रमणिकेपेक्षा अधिक बोलके होते. कोठे परत जावे, किती मागे जावे आणि कशापासून सुरुवात करावी, हे त्या एका बोटाने मला सांगितले. बरोबर उत्तरांच्या चाळीस ओळींनी यातले काहीच सांगितले नव्हते.

या संदर्भात एक जुनी घरगुती रीत आठवते ती पर्वचेची. दिवेलागण झाली, शुभंकरोती झाले, की मुले ओळीने बसून पाढे म्हणत. एकापासून तीसपर्यंतचे पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा. यांतल्या पुष्कळांचे कारण बाजारात होते. रुपयाचे सोळा आणे, पायलीचे चार शेर, खंडीचे वीस मण. पाव-अर्ध्या-पाऊणीचा हिशेब तोंडी आला नाही तर व्यवहार अडत असे. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, पाठोपाठ मेट्रिक वजनमापे आली, आणि औटकीचे प्रयोजन संपले. तिच्याबरोबर पर्वचाही हळूहळू संपली.

त्या रीतीचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. अर्थ न कळता घोकणारे मूल आणि अर्थ जाणणारे मूल पर्वचेत सारखेच ऐकू येई. शिवाय कितीतरी घरांतल्या मुलांना, आणि बहुतेक घरांतल्या मुलींना, ती ओळ मोकळी नव्हती. पण वेगाच्या बाबतीत तिच्यात एक शहाणपण होते. वेळ ठरलेली होती आणि मजल ठरलेली नव्हती. धाकटा अडीचकी कळायच्या आधी वर्षभर ऐकत असे. थोरल्याची धाकट्याबरोबर आपसूक उजळणी होई. आज कितवा धडा झाला असे कोणी विचारत नसे, आणि आज नको, असेही कोणाला म्हणता येत नसे. आपण नेमके उलटे केले आहे. मजल ठरवतो आणि वेळ मोकळी ठेवतो. मग तीन दिवस खाडे होतात आणि चौथ्या दिवशी तीन धड्यांचा रतीब घातला जातो.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. घरी गणिताची वेळ पक्की असावी. चाळीस मिनिटे, रोज, पाहुणे आले तरी आणि वीज गेली तरी. त्या चाळीस मिनिटांत किती होईल हे मात्र आधी ठरवू नये. पुढे जाण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. मुलाला त्या प्रकारचे उदाहरण स्वतः रचता येते काय. पुस्तक नसलेल्या माणसाला, आमच्याकडे आजीला, ते घरच्या बोलीत समजावता येते काय. आणि पंधरा दिवस मध्ये गेल्यावर, आगाऊ सूचना न देता विचारले तर जमते काय. तिन्ही होकारार्थी असतील तर चार दिवसांत पुढे जावे. नसतील तर चार महिने थांबावे. मागे जायचे तर इयत्तेचे नाव घेऊ नये. पुस्तकांच्या पाठीवरचे आकडे मी आता कागद चिकटवून झाकले आहेत.

यावर एक रास्त आक्षेप येईल, आणि तो मी स्वतःच घेते. 'आम्ही थांबलो आहोत' हे वाक्य आळसालाही सोयीचे आहे. घरात साक्षीदार नसतो. वर्षानुवर्षे थांबून राहिले तरी विचारणारा कोणी नाही. शाळेचा पोर्शन वाईट असला तरी तो निदान कोणालातरी जाब द्यायला लावतो. हा आक्षेप मला मान्य आहे आणि त्यावर एकच इलाज मला दिसतो: वर्षातून दोनदा घराबाहेरच्या जाणत्या माणसाने मुलाशी गणितावर तासभर बोलावे आणि पालकाने तेव्हा खोलीत बसू नये. आमच्याकडे हे काम गावातल्या एक निवृत्त बाई करतात. त्यांनी पहिल्या खेपेस मला जे सुनावले ते इथे लिहीत नाही. परंतु मी तीन महिने 'सवडीने' चालले आहे असे समजत होते, त्यातला निम्मा आळस होता, हे त्यांनी अर्ध्या तासात हुडकले.

दशांशांपर्यंत परत यायला आम्हाला सात महिने लागले. पाव किलोची, अर्ध्या किलोची वजने, दहा पैशांची जुनी नाणी, कागदाच्या दहा-दहा पट्ट्या, असा पसारा घरभर होता. सव्वाबारा म्हणजे बारा आणि एक पाव, पाव म्हणजे शंभरातले पंचवीस. साडेबारा म्हणजे बारा आणि अर्धा, अर्धा म्हणजे शंभरातले पन्नास, म्हणून १२.५ च्या पुढे एक शून्य न लिहिलेले असते, हे तिने एके दिवशी आजीला सांगितले. आजी म्हणाली, हे आम्हांला निमकीतच कळले होते. खरे खोटे देव जाणे.

परवा कोणीतरी पुन्हा विचारले, पोर्शन कुठवर आला? मी उत्तर द्यायच्या आत मुलीनेच दिले: "आमच्याकडे पोर्शन नसतो, गणित असतं." उत्तर थोडे उद्धट होते, त्याबद्दल तिला नंतर समज दिली. पण ती वही आता पिंपामागे नसते.